यादीबाहेरची माणसे आणि शेजारधर्म

२४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदीची घोषणा केली आणि अवघ्या चार तासांनी ती अमलात आली. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यांपुढे तेव्हा प्रश्न होता तो गैरसोयीचा. रोजंदारीवर जगणाऱ्यांपुढे मात्र दुसऱ्या दिवशीची चूल पेटण्याचाच प्रश्न होता. नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या महिला, रिक्षाचालक, कचरावेचक, फेरीवाले यांच्या हाती चार-आठ दिवसांपलीकडे पुरेल एवढी शिल्लक क्वचितच असते. मुंबई-पुण्याच्या अनेक वस्त्यांमध्ये त्या दिवसांत पहिली मदत पोहोचली ती गणेश मंडळांकडून, मशिदी-गुरुद्वारांकडून, महिला बचत गटांकडून आणि आदल्या दिवसापर्यंत एकमेकांना ओळखतही नसलेल्या स्वयंसेवकांकडून.

या मदतीचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु ती कोणाला लागली, का लागली आणि कोठे जाऊन थांबली, याचा हिशेब फारसा मांडला गेला नाही. पुढच्या साथीची तयारी करायची तर तो मांडावाच लागेल.

पत्रिका असेल, तर धान्य

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेखाली एप्रिल २०२० पासून माणशी दरमहा ५ किलो धान्य मोफत देण्याचे ठरले. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांत सुरू केलेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत ५ रुपयांवर आणली आणि एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांत, मोफत केली. नोंदणीकृत बांधकाम कामगारांच्या बँक खात्यात पैसेही जमा झाले.

अडचण होती ती ‘नोंदणीकृत’ या शब्दाची. मोफत धान्य मिळाले ते २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली ज्यांची नावे होती त्यांना. महाराष्ट्रासाठी या लाभार्थींची मर्यादा सुमारे ७ कोटी ठरलेली आहे आणि या कायद्याची व्याप्ती २०११च्या जनगणनेवर बेतलेली आहे. शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची अट वर्षाला ५९ हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि रोजंदारीवरचा तिचा नवरा मिळून याहून थोडे अधिक कमावत असतील, तर ते केशरी पत्रिकेत जात. अशा केशरी पत्रिकाधारकांना मे आणि जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये किलोने व २ किलो तांदूळ १२ रुपये किलोने देण्यात आले. कमाई बंद असताना तेवढेही पैसे काढायचे कोठून, हा प्रश्न उरलाच.

परप्रांतीय मजुरांची स्थिती याहून बिकट होती. त्यांची शिधापत्रिका गावी आणि पोट शहरात. पत्रिका नसलेल्या स्थलांतरितांना दोन महिने मोफत धान्य देण्याची केंद्राची घोषणा झाली १४ मे रोजी. टाळेबंदीला तोवर ५० दिवस होत आले होते. दरम्यान १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जाऊ पाहणाऱ्यांची गर्दी उसळली आणि ८ मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशातील १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवण्यास सांगणारा १९७९चा कायदा तेव्हा लागू होता. नोंदी मात्र नव्हत्या.

शेजाऱ्याला ठाऊक असते ते

स्वयंसेवी मदतीने नेमकी हीच पोकळी भरून काढली. मुंबईत मार्च २०२०च्या अखेरीस ‘खाना चाहिए’ हा नागरिकांचा उपक्रम उभा राहिला आणि बंद पडलेल्या हॉटेलांच्या भटारखान्यांतून शिजवलेले अन्न वस्त्यांपर्यंत व स्थानकांपर्यंत जाऊ लागले. यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ महामार्गावरील लंगरने पायी निघालेल्या मजुरांना आणि ट्रकचालकांना दिवसरात्र जेवू घातले. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला. जेमतेम सव्वादोन-अडीच चौरस किलोमीटरच्या या वस्तीत महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने तपासणी हाती घेतली, तेव्हा परिसरातील खासगी डॉक्टर तिच्याबरोबर घरोघर फिरले. अनोळखी अधिकाऱ्याला जे दार उघडले नसते, ते नेहमीच्या डॉक्टरसाठी उघडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी जुलै २०२० मध्ये धारावीचा जो उल्लेख केला, त्यामागे या विश्वासाचाही वाटा होता.

या साऱ्या कामाची रीत साधी होती. कोणत्या खोलीत सहा मजूर राहतात, कोणाकडे गॅस नाही म्हणून त्याला कोरडा शिधा उपयोगाचा नाही, कोणती आजी एकटी आहे, कोणाची मधुमेहाची गोळी संपली आहे, ही माहिती गल्लीतल्या माणसाकडे असते. कचेरीतल्या संगणकावर ती नसते. शिवाय येथे भुकेल्या माणसाकडे कोणी कागद मागत नव्हते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात सरकारी घरतपासणीने लोक धास्तावले असताना सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना उभारून रुग्णांची शुश्रूषा केली. रुग्णसेवा करतानाच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. त्याच प्लेगसाठी इंग्रज सरकारने मूळ अवघ्या चार कलमांचा साथरोग कायदा केला. मार्च २०२० मध्ये राज्याने लागू केला तो हाच कायदा. तो सरकारला माणसे अडवण्याचे अधिकार देतो. अडवलेल्या माणसाने खायचे काय, याविषयी तो काही सांगत नाही.

कुंपणाची दुसरी बाजू

मात्र शेजारधर्माचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करून चालणार नाही. जो समाज अन्नाची पाकिटे वाटत होता, त्याच समाजातील काही गृहनिर्माण संस्था रुग्णालयातून परतणाऱ्या परिचारिकांना घरात घेण्यास नकार देत होत्या. मार्च २०२० मधील दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर अनेक ठिकाणी मुस्लिम भाजीविक्रेत्यांना गल्लीत येऊ दिले गेले नाही. परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी, या लोकांना बळीचा बकरा केले गेल्याचे दिसते, अशा आशयाचे ताशेरे ओढले. शेजारी कोणाला म्हणायचे, हे ठरवणारा समाजच असतो. त्यामुळे ज्यांना एरवीही शेजारी मानले जात नाही, त्यांच्या वाट्याला संकटात मदत कमीच येते.

कामाठीपुरा आणि बुधवार पेठेतील महिलांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्यात काम करणाऱ्या संस्थांनी धान्य पुरवले. पण ते पुरे पडणारे नव्हते आणि बहुतेकींकडे शिधापत्रिका नव्हती. अखेर २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना कोरडा शिधा द्यावा, असे राज्यांना सांगितले. महाराष्ट्राने त्यापुढे जाऊन ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी दरमहा ५ हजार रुपये आणि मुले शाळेत असल्यास आणखी अडीच हजार रुपये जाहीर केले. निर्णय स्वागतार्ह होता. तो व्हायला सहा महिने लागले.

दुसरी मर्यादा दमछाकीची. स्वयंसेवक कामावर परतले, देणग्या आटल्या आणि २०२०च्या उत्तरार्धात अनेक स्वयंपाकघरे बंद झाली. कामगारांचे हातचे काम मात्र परत आले नव्हते. राज्यातील सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका घरोघर फिरत होत्या, पण त्यांच्या नावातच ‘स्वयंसेविका’ असल्याने त्यांना पगार नव्हता, मानधन होते. जून २०२१ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. सेवाभावाच्या नावाखाली स्वस्तात काम करून घेणे, याला समाजाचा आधार म्हणता येत नाही.

दिशा दाखवणारा प्रयोग

यातून मार्ग कसा काढता येतो, हे दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रातच दिसले. कोरोनाने पती गमावलेल्या महिलांसाठी सामाजिक कार्यकर्ते हेरंब कुलकर्णी यांच्या पुढाकाराने अनेक संस्था ‘कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती’ म्हणून एकत्र आल्या. त्यांनी तालुक्या-तालुक्यांतून या महिलांची माहिती गोळा केली आणि ती घेऊन सरकारचे दार ठोठावले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने ‘मिशन वात्सल्य’ हाती घेतले व तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समित्या नेमल्या. अंमलबजावणी सगळीकडे सारखी झाली नाही. तरीही कोणाला गरज आहे हे समाजाने शोधायचे आणि ती भागवण्याची जबाबदारी शासनाने घ्यायची, अशी कामाची विभागणी येथे झाली, हे महत्त्वाचे आहे.

कायद्यातही यासाठी आधार आहे. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे १२वे कलम मदतीचे किमान निकष ठरवण्यास सांगते. निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार यांबरोबरच विधवा आणि अनाथांसाठी विशेष तरतुदीचा त्यात उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी राज्यांना स्थलांतरित कामगारांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे चालवण्यास आणि ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना अमलात आणण्यास सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ई-श्रम संकेतस्थळावर ३० कोटींहून अधिक असंघटित कामगारांची नोंद झाली आहे. परंतु नोंद म्हणजे धान्य नव्हे. उद्या टाळेबंदीसारखी वेळ आली, तर या नोंदीच्या आधारे कोणत्या दुकानातून काय मिळेल, हे त्या कामगाराला आज कोणी सांगितलेले नाही.

त्यामुळे करण्यासारख्या गोष्टी दोन. पहिली, प्रत्येक महापालिका प्रभागात बचत गट, आशा, स्थानिक डॉक्टर, मंडळे आणि संस्था यांची कायम स्वरूपाची समिती असावी. संकट नसतानाही तिने वर्षातून दोनदा तरी एकटे वृद्ध, अपंग, भाडेकरू मजूर आणि बेघर यांची यादी अद्ययावत करावी. दुसरी, या समितीच्या शिफारशीवर, शिधापत्रिका नसतानाही, पहिल्या आठवड्यातच धान्य देण्याचा अधिकार प्रभाग अधिकाऱ्याला आधीच दिलेला असावा. यासाठी फार मोठा पैसा लागत नाही; शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची प्रशासनाची तयारी लागते. २०२०च्या उन्हाळ्यात हजारो नागरिकांनी कागद न पाहता ताट वाढले. त्यांना पुन्हा एकदा पदरमोड करायला लावण्यापेक्षा त्यांच्याजवळची माहिती वेळीच कामी लावणे, हीच त्या उन्हाळ्याची खरी शिकवण ठरेल.