घास उतरत नाही म्हणून शेक सोडू नका



तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवर किरणांचे उपचार, म्हणजे आपल्या भाषेत 'शेक', बहुधा सहा-सात आठवडे चालतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालयात २०१२ पासून उपचार मिळतात. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घसा सोलवटतो, लाळ आटते, भाकरी गिळवत नाही. मग 'शेकानंच बिघडलं' म्हणून माणूस गावी परततो. ऐन वाढीत उसाचं पाणी तोडण्यासारखंच हे! मध्ये खंड पडला की रोगाला पुन्हा जोर येतो.

आमचे मत स्पष्ट आहे. या दिवसांत अन्न हेच निम्मे औषध. दुधात कुस्करलेली भाकरी, मुगाची पातळ खिचडी, पेज, तूप घालून, कोमट करून, थोडं थोडं पण वरचेवर द्यावं. तिखट, आंबट, कढत चहा आणि तंबाखू बंद. डॉक्टरांना विचारून मीठ व खाण्याच्या सोड्याच्या गुळण्या कराव्यात. वजन उतरू लागलं तर लपवू नये. नाकातून नळी घालावी लागली तरी त्यात कमीपणा कसला?

शेक संपल्यावरही काही आठवडे त्रास राहतो, मग हळूहळू ओसरतो.

तोडणीवर शेजारी लक्ष ठेवील. चुकलेला शेक भरून काढणं डॉक्टरांनाही अवघड आहे.