बाटली धुण्याचा खर्च कोणाचा?

मद्यपान इष्ट की अनिष्ट, हा वाद येथे बाजूस ठेवू. बिअरची रिकामी बाटली कारखान्यात परतली की कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणातून जाते. लेबल सुटते, स्वच्छ पाण्याचे फवारे बसतात आणि तडा वा मळ राहिला काय, हे पाहूनच ती पुन्हा भरली जाते. परंतु जिच्यात कोणी रॉकेल किंवा फिनेल साठविले, तिचा वास या स्नानानेही खात्रीने जात नाही. तोंडाचा टवका उडालेली तर बादच. अशा बाटल्या निवडून अलग काढतात ते आपल्याकडे भंगारवाले आणि काचपत्रा वेचणाऱ्या स्त्रिया. म्हणजे धुलाईची पहिली पायरी कारखान्याबाहेर, उघड्या हातांनी पार पडते आणि ताळेबंदात तिचा मागमूसही नसतो!

जर्मनीत पुनर्भरणाच्या बिअरबाटलीवर सामान्यतः ८ सेंट अनामत असते. तामिळनाडूत २०२२ साली, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, निलगिरीत मद्याच्या बाटलीमागे १० रुपये जादा घेऊन परतीनंतर ते देण्याची योजना सुरू झाली. हेतू अर्थात डोंगरावरील काचा रोखण्याचा होता. महाराष्ट्राने अशी अनामत ठरवावी; मात्र ती बाटली आणून देणाऱ्याच्याच हाती पडावी, मग तो गिऱ्हाईक असो वा वेचक, आणि बाद बाटलीचा तोटा कारखानदाराने सोसावा. दर ठरविण्याच्या बैठकीस, पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीस प्रथम बोलवावे.