हीटरला वायफाय कशाला?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे एक रिलीज होतं आणि मग त्या रिलीजची दुरुस्ती होती, त्यामुळे शनिवार-रविवार असे वाट्याला आलेच नाहीत. असो.

थंडी पडायला लागली की ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. टीममध्ये मासे पाळणारा म्हणून मी प्रसिद्ध (की बदनाम?) आहे, त्यामुळे तो माझ्याकडेच येतो. "फिशटँकच्या हीटरला कंट्रोलर घ्यायचाय, वायफायवाला घेऊ की साधा?" मुंबईकर विचारतात तेव्हा मी म्हणतो, बाबांनो, तुम्हाला हीटरच कशाला लागतोय. पण पुणे, नाशिक, सातारा इथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० च्या आसपास येतो, तेव्हा प्रश्न खरा असतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझं उत्तर ठरलेलं होतं : वायफाय. सर्व्हरला मॉनिटरिंग लावल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही, मग जिवंत माशांना नको?

आता माझं उत्तर उलटं आहे. का, ते सांगतो.

आई गेल्यावर बाबा साताऱ्याला एकटेच राहतात. त्यांना सोबत म्हणून मी ८० लिटरची टाकी आणि सहा एंजल नेऊन दिले. सुरुवातीला म्हणाले, "हे काय नसतं लचांड आणलंस?" महिन्याभरात सकाळचा पेपर टाकीसमोर बसून वाचायला लागले. हिवाळ्यासाठी मी २०० वॅटचा हीटर लावला आणि त्यावर वायफाय कंट्रोलर. सेन्सरची वायर पाण्यात, २६ अंश सेट, ॲप माझ्या फोनवर. म्हटलं, बाबांना कशाला त्रास, मी पुण्यातून बघेन. हीटरचा स्वतःचा नॉब पार ३४ वर फिरवून ठेवला. कंट्रोलर आहे ना, मग हीटरच्या थर्मोस्टॅटची लुडबुड नको! डबीचा बीपही मीच बंद केला, बाबांची झोप मोडते म्हणून.

बाबा रात्री दहाला राउटर बंद करतात. मुख्य बटणच दाबतात. वीज वाचते म्हणे. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता.

गेल्या वर्षी जानेवारीत एका रात्री सेन्सरचा रबरी चोखा काचेवरून सुटला आणि सेन्सर पाण्याबाहेर लोंबकळत राहिला. खोलीतली हवा १७ अंश. कंट्रोलर म्हणाला, पाणी १७ वर आलंय, तापवा. हीटर रात्रभर चालू. इकडे माझ्या ॲपवर २६.१, म्हणजे राउटर बंद व्हायच्या आधीचा शेवटचा आकडा. तो दहा तास जुना आहे हे कुठे बारीक अक्षरात लिहिलेलं असेलही, मी बघितलं नाही. सकाळी आठला बाबांनी राउटर लावला आणि लगेच माझ्या फोनवर इशारा आला : तापमान कमी, १७.४.

मी फोन लावला. "बाबा, पाणी थंड पडलंय. हीटरचा दिवा चालू आहे का बघा जरा."

"थंड? अरे, हाताला गरम लागतंय की."

"हात गार असेल तुमचा. ॲपवर सतरा दिसतंय."

म्हणजे बघा, पाण्यात हात घालून उभ्या असलेल्या माणसाला मी १०० किलोमीटरवरून सांगत होतो की पाणी थंड आहे! वायर बाहेर आहे हे कळायला आणखी पाच मिनिटं गेली. काचेचा थर्मामीटर घातला तर ३४. सहापैकी चार एंजल गेले. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो (२५ अंशाला लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम, ३५ ला ७ च्या आत), आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो.

पण मला लागलं ते बाबांचं नंतरचं वाक्य. "पहाटे साडेपाचलाच बघितलं मी, वर येऊन तोंड उघडत होते. प्लग काढावा असं वाटलं होतं. पण म्हटलं तुझं यंत्र आहे, तुला दिसत असेल तिकडे."

माझी तक्रार त्या डबीबद्दल नाहीच. साधा कंट्रोलर असता तरी सेन्सर असाच सुटला असता आणि त्यालाही हवा १७ चीच लागली असती. आतला रिले दोन्हींत सारखाच, तो चिकटायचा तर दोन्हींत चिकटतो. पण त्या वायफायने माझ्या घरात एक काम मात्र केलं. टाकीजवळच्या माणसाला वाटलं की बघणारा दुसराच कोणी आहे. आणि तो दुसरा तर शिळा आकडा बघत पांघरुणात होता.

आता तुम्ही म्हणाल, राउटर चालू ठेवा, झालं! ठीक आहे. पण वीज गेली की राउटरही जातो आणि डबीही, म्हणजे इशारा नेमका हवा तेव्हाच येत नाही. आला तरी करणार काय? प्लग काढायला माणूस टाकीपाशीच लागतो. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल आणि तुम्ही आठवडा-आठवडा बाहेर असाल, तर वायफायचा उपयोग आहे हे मान्य. आलेखही छान दिसतो. दोन तास वीज गेली तरी ८० लिटर पाणी अंश-दीड अंशच उतरतं हे मला त्या आलेखावरूनच कळलं. पण मग ते वायफाय फक्त बघायला वापरा. तापवायचं कधी हे डबीनेच ठरवलं पाहिजे, कुठल्यातरी सर्व्हरने नाही. स्मार्ट प्लग आणि वेगळा सेन्सर ॲपमधून जोडणाऱ्यांनी हे जरूर तपासावं. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर न सांगता बंद पडले तेव्हा लोकांच्या घरातली भिंतीवरची बटणं तेवढी चालत राहिली. आणि २०१७ मध्ये डार्कट्रेस या सुरक्षा कंपनीने सांगितलेला किस्सा तर प्रसिद्धच आहे : उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोत हॅकर इंटरनेटला जोडलेल्या फिशटँकमधून नेटवर्कमध्ये शिरले आणि १० जीबी डेटा फिनलंडला गेला. :-)

साताऱ्याला आता एसटीसी-१००० आहे. ठसठशीत लाल आकडे, चार बटणं, वीज जाऊन आली तरी सेटिंग लक्षात ठेवतो. तो उघड्या तारांचा येतो, जोडणी इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घेतली. घरी कुठलाही कंट्रोलर आणलात तर प्लग काढून पुन्हा लावून बघा, परत आपोआप सुरू होतो का ते. सेन्सर आता चोख्याच्या भरवशावर नाही, पाइपला पट्टीने बांधलाय.

खरा फरक मात्र हीटर बदलल्याने पडला, आणि याबद्दल कोणी विचारत नाही. ८० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ९३ वॅट-तास लागतात. म्हणजे २०० वॅटचा हीटर अडकला तर तासाला जवळजवळ दोन अंश. ५० वॅटचे दोन लावले आणि त्यातला एक अडकला तर जेमतेम अर्धा, आणि काचेतून उष्णता जाते ती वेगळीच. दोघांचे नॉब २८ वर. कंट्रोलर वेडा झाला तरी तिथे थांबतील.

टाकीच्या दुसऱ्या टोकाला काचेचा थर्मामीटर आहे. बाबा चष्मा लावून दोन्ही आकडे बघतात आणि फरक पडला तर मला न विचारता प्लग काढतात. सकाळी फोनवर आधी आकडा सांगतात, मग गुडघा. नवीन एंजल आणू का विचारलं तर म्हणाले, "आधी ही थंडी नीट जाऊ दे."