माहितीचंही बेणं निवडावं लागतं



उसाची लागण करायची म्हटली की बेणे कुठून आणायचे याची चौकशी आपण दहा ठिकाणी करतो. बेणे मळा कुणाचा, वय किती महिन्यांचे, खोडव्याचे तर नाही ना, गवताळ वाढीची बेटे उपटून टाकली होती की नाही, हे पाहिल्याशिवाय शहाणा शेतकरी सरीत कांडी टाकत नाही. पण त्याच उसाला औषध कोणते, खताची मात्रा किती, नवी जात घ्यावी की नको, हे ठरवायची वेळ आली की फोन काढायचा आणि पहिलं दिसेल ते खरं मानायचं, अशी रीत पडत चालली आहे. या रीतीबद्दल आम्हांला चार शब्द लिहायचे आहेत, आणि शेवटी संचालक मंडळापुढे एक मागणीही ठेवायची आहे.

माहिती कमी पडते अशी आज कुणाचीच तक्रार नाही. तक्रार आहे ती उलटी. ‘ऊस हुमणी उपाय’ एवढे तीन शब्द फोनवर टाकले की पानेच्या पाने उघडतात. त्यांत विद्यापीठाचा सल्ला असतो, औषध विकणाऱ्याची जाहिरात असते, आणि दुसऱ्याचे वाचून तिसऱ्याने लिहिलेलेही असते. सगळ्यांचा चेहरा एकच. कोण सांगतो, कुणासाठी सांगतो आणि केव्हाचं सांगतो, हे पानावर शोधूनही सापडत नाही.

खोटी माहिती तर घात करतेच, पण खरी माहितीसुद्धा चुकीच्या जागी लावली तर घात करते. को ०२३८ या जातीचेच पाहा. हरियाणात कर्नालच्या संशोधन केंद्रात तयार झालेली ही जात २००९ साली देशाच्या उत्तर-पश्चिम विभागासाठी प्रसारित झाली. उत्तर प्रदेशात तिने टनेजही वाढवले आणि उताराही वाढवला. तिचे कौतुक करणाऱ्या चित्रफिती ढिगाने निघाल्या, आणि त्या त्या वेळी खोट्या नव्हत्या. पण पुढे त्याच जातीवर लाल कूज रोग मोठ्या प्रमाणावर आला आणि ती कमी करून दुसऱ्या जाती लावा, असे सांगण्याची पाळी तिथल्या यंत्रणेवर आली. चित्रफीत मात्र आहे तिथेच आहे. ती सांगत नाही की ही जात आपल्या विभागासाठी दिलेलीच नाही. आपल्याकडची को ८६०३२ ही २००० साली द्वीपकल्पीय विभागासाठी प्रसारित झालेली आहे. विभाग कोणता आणि साल कोणते, या दोन गोष्टी न बघता फोनवरून बेणे मागवले, तर तो आतबट्ट्याचा व्यवहार होतो.

हा घोळ आपल्यापुरता नाही. इंटरनेट जगात नुकते पसरू लागले तेव्हाच तो सुरू झाला, आणि त्यावर उपाय काढला तो ग्रंथपालांनी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कली सार्वजनिक ग्रंथालयात कॅरोल लीटा या संदर्भ-ग्रंथपाल होत्या. वाचक प्रश्न घेऊन येत, तेव्हा उपयोगी पडणाऱ्या भरवशाच्या ठिकाणांची यादी त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या कामासाठी ठेवायला घेतली. ती यादी वाढत गेली, इतर ग्रंथपाल मदतीला आले, आणि तिची विषयवार सूची होऊन सर्वांना खुली झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ग्रंथालयाने १९९४ साली ‘इन्फोमाइन’ ही अभ्यासकांसाठीची सूची काढली. १९९५ साली मिशिगन विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राच्या एका वर्गाने ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ सुरू केली. ब्रिटनमध्ये अशाच निरनिराळ्या विषयांच्या सूच्या एकत्र करून २००६ साली ‘इंट्यूट’ उभी राहिली.

या सूच्यांत विशेष काय होते? यंत्र शब्द जुळवून ठिकाणे गोळा करते. इथे माणूस प्रत्येक ठिकाण उघडून, वाचून, पारखून मगच नोंद करीत असे. हे ठिकाण कोण चालवतो, त्याचा त्या विषयातला अधिकार काय, त्यात काय मिळेल, कुणाच्या उपयोगाचे, ताजे आहे की शिळे, हे दोन-चार ओळींत लिहिलेले असे. बंद पडलेले ठिकाण काढून टाकले जाई. शंभर वाईट पानांपेक्षा दहा चांगली बरी, हा त्यामागचा हिशेब. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. सूचीचे काम म्हणजे तेच.

आणखी एक कसब ग्रंथपालाकडे असते, ते नावांचे. आपण हुमणी म्हणतो, इंग्रजीत तिला व्हाइट ग्रब म्हणतात, आणि शास्त्रज्ञ तिच्या निरनिराळ्या प्रजातींना होलोट्रायकिया सेराटा, ल्युकोफोलिस लेपिडोफोरा अशी नावे देतात. आपल्या भाषेत शोधले तर एक ढीग सापडतो आणि शास्त्रीय नावाने शोधले तर दुसराच. पहिल्या ढिगात जाहिराती जास्त, दुसऱ्यात संशोधन जास्त. ही सांगड घालून देणारा माणूस मध्ये नसला, तर विद्यापीठातले काम बांधापर्यंत पोचायचं कसं?

आता या गोष्टीची कडू बाजू. वर सांगितलेल्या चारही सूच्या आज बंद आहेत. इंट्यूटचे अनुदान थांबले आणि २०११ साली काम संपले. इन्फोमाइन २०१४ अखेर बंद झाली. लीटाबाईंची सूची मिशिगनच्या उपक्रमात विलीन झाली होती, तोही २०१५ साली मिटला. सर्चची यंत्रे झपाट्याने सुधारली, आणि पैसे देणाऱ्यांना वाटले की आता माणसाची गरज काय? सूची निकृष्ट होती म्हणून ती गेली नाही. ती राखणाऱ्या माणसाचा पगार गेला म्हणून गेली. बेणे मळ्याची भेसळ काढायला माणूस ठेवला नाही, तर दोन हंगामांत तो मळा राहत नाही, नुसता ऊस राहतो. यादीचेही तसेच आहे.

पण जिथे राखण चालू राहिली तिथे काम टिकलेले आहे. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००३ साली, मोफत वाचता येणाऱ्या शास्त्रीय नियतकालिकांची सूची ३०० नावांनी सुरू केली. ती आजही चालू आहे आणि तिच्यात वीस हजारांहून अधिक नियतकालिके आहेत. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके वाढली, तेव्हा या सूचीने अटी कडक केल्या, जुन्या नोंदींना पुन्हा अर्ज करायला लावले, आणि २०१६ साली मुदतीत अर्ज न केलेली तीन हजारांवर नावे एका झटक्यात काढून टाकली. नाव घालायला फारसे धैर्य लागत नाही, काढायला लागते. ज्या सभासदांची मुलेमुली कृषी महाविद्यालयांत शिकत आहेत, त्यांनी ही सूची मुलांच्या नजरेस जरूर आणावी.

आपल्या देशातही भरवशाची ठिकाणे आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’मध्ये कृषी विद्यापीठांतले प्रबंध आणि जुने अहवाल आहेत. गांधीनगरच्या ‘शोधगंगे’त देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत. खरगपूरच्या आय.आय.टी.ने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेची ‘अॅग्रिस’ ही शेतीविषयक लेखांची सूची १९७० च्या दशकापासून चालू आहे. उसापुरते बोलायचे तर १९१२ पासूनची कोइमतूरची ऊस प्रजनन संस्था आहे, १९३२ पासूनचे पाडेगावचे संशोधन केंद्र आहे, आणि १९७५ साली सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादकांनीच मांजरीला उभी केलेली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. म्हणजे विहिरीला पाणी आहे. पाट काढलेला नाही. यातले पुष्कळसे इंग्रजीत आहे, प्रबंधाच्या भाषेत आहे, आणि दिवसभर पाण्याची पाळी धरणाऱ्या माणसाने ते रात्री बसून धुंडाळावे ही अपेक्षा वाजवी नाही.

नुसते यंत्र आणून ठेवल्याने हे होणार नाही, हेही आपल्या सहकाराने पाहिले आहे. वारणा परिसरात १९९८ साली सुमारे सत्तर गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा गाजावाजा झाला आणि तो रास्तही होता. पण तिथले संगणक मुख्यतः ऊस वजन, बिले, खताच्या नोंदी यांसाठी वापरले गेले, आणि २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहण्यात आले. हिशेबाची माहिती शेतकऱ्याने हक्काने वापरली, कारण ती त्याची होती, नेमकी होती, आणि कारखाना तिला जबाबदार होता. शेतीच्या सल्ल्याला असा जबाबदार माणूस कोण?

म्हणून आमची मागणी अशी आहे. कारखान्याने ऊस शेतीच्या माहितीची एक विषयवार सूची मराठीत तयार करावी. जमीन, पाणी, बेणे, खत, रोग-कीड, खोडवा, तोडणी असे सात-आठ विभाग पुरेत. प्रत्येक नोंदीपुढे चार गोष्टी असाव्यात : सांगणारा कोण, कोणत्या विभागासाठी, कोणत्या सालचे, आणि आम्ही शेवटचे केव्हा तपासले. ही सूची प्रत्येक गट कार्यालयात लावावी आणि फोनवरही मिळावी. कामासाठी ग्रंथालयशास्त्र शिकलेला एक माणूस कायम पगारावर घ्यावा. अशी पदवी घेतलेली मुलेमुली आपल्या गावागावांत आहेत. शेतकी खात्यातला एक अधिकारी त्याच्या जोडीला असावा, आणि दरवर्षी लागणीच्या हंगामापूर्वी सूचीची भांगलण व्हावी.

एक अट मात्र आम्ही ठासून मांडतो. जो माल विकतो त्याचा या सूचीशी संबंध नसावा. बाहेरच्या कंपनीचा नको, तसा आपल्याच खत-औषध विक्री केंद्राचाही नको. उद्या ज्या औषधाचा साठा गोदामात पडून आहे त्याचेच नाव सूचीत वर आले, तर सभासद एकदाच फसेल, पुन्हा तो सूची उघडणार नाही.

कुणी म्हणेल, हल्ली फोनला बोलून विचारलं की तो आपल्या भाषेत उत्तर देतो, मग सूची कशाला? उत्तर देतो हे खरे, आणि गोड देतो. पण ते त्याने कुठून आणले हे नेहमी कळत नाही, आणि कधी कधी तो नसलेल्या पुस्तकाचा दाखलाही देतो. पीक गेले तर तो बांधावर येत नाही. कुणी म्हणेल, खर्च कुणी करायचा? एका माणसाचा पगार हा खर्च आहेच. पण चुकीच्या औषधाच्या एका फवारणीचा आणि फसलेल्या लागणीचा खर्च कुणाच्या ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो होत नाही असे थोडेच आहे? तो हजारो सभासदांच्या घरांत विभागून जातो, एवढेच.

तोवर सभासदांनी एवढे करावे. फोनवर सल्ला दिसला की सांगणारा काही विकतो का, विभाग आपला आहे का, आणि साल कोणते, हे तीन प्रश्न विचारावेत. एकाचेही उत्तर सापडले नाही, तर गट कार्यालयात विचारल्याशिवाय खिशात हात घालू नये. आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या सूचीचा ठराव येईल, तेव्हा हात वर करण्यापूर्वी तिच्यासाठी कायम पगाराची तरतूद आहे की नाही, हे अंदाजपत्रकात पाहून घ्यावे. तरतूद नसेल तर तसे उभे राहून विचारावे.