उष्णतेची प्रत

भाषांतर करताना एका शब्दापाशी मी फार दिवस अडून राहिलो होतो. उष्णतेचा जो उच्चनीचपणा शास्त्रज्ञ तापमानावरून ठरवितात, त्यास मराठीत काय म्हणावे? अखेर बाजारातला 'प्रत' हा शब्द पत्करला. धान्याची असते तशी उष्णतेचीही प्रत असते. आणि सूर्याची उष्णता जुन्या वीजकेंद्रात कोठे योजावी, हे तिच्या प्रतीवरूनच ठरावे, असे माझे मत आहे.

कोळशाच्या केंद्रात बाष्पित्रातील ज्वाला हजार अंश सेल्सियसच्या पुष्कळ वर असते व तेथली वाफ सुमारे ५४० अंशांची. टरबाइन फिरवून झाल्यावर ती निवून पाणी होते, तेव्हा ते जेमतेम चाळीस-पंचेचाळीस अंशांवर येते. पुनः बाष्पित्रात धाडण्यापूर्वी ते सुमारे अडीचशे अंशांपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी टरबाइनमध्ये काम करीत असलेली काही वाफ मध्येच काढून घेतात. पन्हळीच्या आकाराच्या आरशांनी गोळा केलेली सूर्याची उष्णता सुमारे चारशे अंशांपर्यंत जाते. हे पाणी तिने तापविले, तर ती वाफ टरबाइनमध्येच राहते व तितक्याच विजेस कोळसा कमी लागतो. सूर्य मावळला की झडपा उघडून वाफ पूर्ववत् घ्यावी; उष्णता साठविण्याची यातायात नाही.

इंधन-विद्युत् घटाची गोष्ट उलट आहे. त्यात इंधन जळत नाही, रासायनिक क्रियेतून सरळ वीज मिळते. घन ऑक्साइडाचा घट ७०० ते १००० अंशांवर चालत असल्याने त्यातून निघणारा वायूही टरबाइन फिरवू शकतो. म्हणजे घटाची जागा टरबाइनच्या आधी, सूर्याची मागे पाण्यापाशी.

इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेस कुरैमात येथे २०११ मध्ये नैसर्गिक वायू व सूर्य यांची सांगड घातली गेली. तेथील १४० मेगावॉटपैकी सूर्याचा वाटा सुमारे २०. अशा केंद्रास 'सौर' म्हणणे मला, निदान भाषेचा विद्यार्थी म्हणून, पटत नाही. जोधपूरजवळ मथानिया येथे १९९० च्या दशकात अशीच योजना आखली गेली, ती उभीच राहिली नाही. ऑस्ट्रेलियात कोगन क्रीकच्या ७५० मेगावॉटच्या कोळसा-केंद्रास ४४ मेगावॉटची सौर जोड द्यावयाची होती. २०१६ मध्ये तो बेत सोडण्यात आला. शिवाय प्रकाशापासून थेट वीज करणाऱ्या पट्ट्या आता इतक्या स्वस्त झाल्या आहेत, की मोकळ्या रानात नवे केंद्र उभारताना वाद उरत नाही.

परंतु जी कोळसा-केंद्रे अजून पुष्कळ वर्षे चालावयाचीच आहेत व ज्यांच्या कुंपणालगत कडक उन्हाची पडीक जमीन आहे, तेथे हा विचार टाकून देऊ नये. अशा जोडीने कोळशाचे आयुष्य वाढेल, हा आक्षेप मी हलका मानीत नाही. म्हणूनच अशा केंद्राच्या फलकावर एकूण मेगावॉटचा आकडा न लिहिता, सूर्यामुळे वर्षात किती टन कोळसा जाळावा लागला नाही तेवढेच लिहावे, आणि केंद्र बंद करण्याचे सालही त्याखाली आधीच लिहून ठेवावे.