हेतूंची झडती

एखाद्या प्रौढ व सुशिक्षित मनुष्यानें रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारल्याचें कानीं येतांच आमच्या विद्वज्जनांत पहिला प्रश्न निघतो तो हा, कीं ह्याला भुलविलें कोणीं? द्रव्याचा लोभ, विवाहाची अडचण, मनाचा दुबळेपणा, ह्यांपैकीं एखादा हेतु चिकटविला म्हणजे खटल्याचा निकाल लागला! त्या मनुष्यास स्वतःचीं कांहीं कारणें असतील, व तीं ऐकण्याजोगीं असतील, ही शंकाही कोणास शिवत नाहीं. आम्ही त्या पंथाचे नव्हे. परंतु न्यायाची ही तऱ्हा आम्हांस मान्य नाहीं.

जॉन हेन्री न्यूमन ह्याचें उदाहरण घ्या. ऑक्सफर्ड येथील सेंट मेरी चर्चचा हा धर्मोपदेशक, ओरिएल कॉलेजचा फेलो, व आंग्ल धर्मसंस्थेच्या पुनरुज्जीवनाकरितां झटणाऱ्या चळवळीचा धुरीण. रोमच्या दाव्याचें वजन तो वर्षानुवर्षें करीत राहिला. १८४३ सालीं त्यानें उपदेशकाची जागा सोडली. १८४५ च्या ऑक्टोबरांत फेलोशिपही सोडली, आणि वयाच्या ४४ व्या वर्षीं लिटलमोर येथें डॉमिनिक बार्बेरी ह्या इटालियन धर्मगुरूच्या हस्तें तो कॅथॉलिक झाला. ह्यांत लोभ कोठें दिसतो? मान गेला, स्नेही दुरावले, जिवाभावाचें विद्यापीठ सुटलें.

तरीही १८६४ सालीं चार्ल्स किंग्जली ह्या कादंबरीकारानें त्याच्या नांवाचा उल्लेख करून लिहिलें, कीं रोमच्या धर्मगुरूंना सत्याची चाड नसते. उत्तरादाखल न्यूमननें आपलें प्रसिद्ध 'अपॉलॉजिआ' लिहिलें. त्याची मुख्य तक्रार अशी, कीं हा मनुष्य खोटेंच बोलणार असें आधींच ठरविलें, तर त्याच्या कोणत्याही उत्तराला किंमत उरत नाहीं. हें विहिरींत विष कालविणें होय. आमचे टीकाकार आज दुसरें काय करतात?

"बुद्धि पोपापाशीं गहाण टाकली" हा आक्षेपही टिकत नाहीं. १८५९ सालीं ह्याच न्यूमनच्या एका लेखाविरुद्ध रोमकडे तक्रार गेली होती, आणि १८७५ सालीं त्यानें सदसद्विवेकबुद्धीचा मान पोपाच्याही आधीं ठेवला.

उलट, १८७९ सालीं तो कार्डिनल झाला व २०१९ सालीं त्यास संतपद मिळालें, एवढ्यानें त्याचीं कारणें खरींही ठरत नाहींत. धर्मसिद्धान्त बीजासारखे वाढतात, व अस्सल वाढ कोणती हें ओळखतां येतें, ही त्याची युक्ति आम्हांस पटत नाहीं. कारण ज्या संस्थेची वाढ तपासावयाची, तीच शेवटीं पंच म्हणून बसते. आमचा हा आक्षेप चुकीचाही असेल. तें वादानें ठरेल. परंतु वाद करावयाचा तर आधीं न्यूमनचें म्हणणें वाचावें लागतें. तेवढे श्रम ज्यांना नकोत, त्यांनीं दुसऱ्याच्या बुद्धीविषयीं मौन धरावें हेंच बरें.