संख्यारेषा उभी करा, विहिरीत सोडा

विदर्भातल्या शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात आणि सहावीच्या वर्गात लवकरच पूर्णांक संख्यांचा धडा येतो. त्याच सुमारास कारंजा लाडच्या शिवारात मोठी माणसं सरासरीपेक्षा पाऊस किती उणा, दुबार पेरणी ओढवणार का, याच हिशेबात असतात. शाळेतलं उणे आणि शिवारातलं उणे यांची गाठ मात्र क्वचितच पडते. फळ्यावर आडवी रेघ, मधे शून्य, उजवीकडे धन, डावीकडे ऋण. आणि लगेच पाठांतर, की ऋण संख्यांत अंक मोठा ती संख्या लहान. माझ्या मते हे सूत्र सगळ्यात शेवटी सांगावं आणि त्याआधी ती रेघ उभी करावी.

−७ आणि −२ यांत मोठी कोणती, असं विचारलं की बरीच मुलं −७ म्हणतात. हा बावळटपणा नव्हे. सात शून्यापासून अधिक दूर आहे हे त्यांना बरोबर दिसतं. फक्त प्रश्न दुसराच असतो. त्यात समजावायला हमखास येतं ते कर्जाचं उदाहरण. बेरीज-वजाबाकीला ते उत्तम, पण तुलनेला घातक, कारण सत्तर हजारांचं कर्ज वीस हजारांच्या कर्जापेक्षा मोठं असंच घरोघरी म्हणतात आणि त्यात चूक काहीच नाही. ‘पावसाची तूट वाढली’ या आपल्या वर्तमानपत्री मथळ्याचंही तेच : तूट वाढते तेव्हा −१५ चे −३० होतात, म्हणजे संख्या घटलेली असते. शून्यापासूनचं अंतर आणि रेषेवरची जागा या दोन गोष्टी मुलासमोर वेगळ्या ठेवल्याशिवाय गोंधळ सुटत नाही.

विहीर त्या आपसूक वेगळ्या करते. जमीन म्हणजे शून्य. समजा, ऑक्टोबरात पाणी १२ फुटांवर होतं आणि मे महिन्यात ३५ फुटांवर गेलं. दोर लांब सोडावा लागला, पाण्याची पातळी मात्र खाली गेली. दोराची लांबी हे अंतर, पातळी ही संख्या. −१२ वर आहे म्हणून ती −३५ पेक्षा मोठी. भूजलाच्या नोंदी जमिनीपासून खाली मोजतात आणि उणे चिन्ह लिहीत नाहीत, म्हणून त्या रकान्यात आकडा वाढणं ही वाईट बातमी असते. कारंज्याच्या कोरडवाहू भागातल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही, ते त्याला ठाऊकच असतं.

ऋणाला दिशा मानण्याची ही रीत उसनी नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम दिले. पुढे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) १० आणि १७ बाजूंचा, ९ पायाचा त्रिकोण येतो. लंबामुळे पायाचे खंड पडतात १५ आणि −६. भास्कराचार्य हे उत्तर फेकून देत नाहीत. उणे म्हणजे उलट दिशेला, लंब पायाच्या बाहेर पडतो, असा अर्थ लावतात. याच गणितीने ‘बीजगणिता’तल्या माकडांच्या उदाहरणात मात्र ५ हे उत्तर नाकारलं, कारण ते घेतलं तर मधे उणे दोन माकडं येतात आणि लोकांना ते पटत नाही. माकडांना दिशा नाही, रेषेला आहे. इंग्लंडात जॉन वॉलिसने पुढे-मागे चालणाऱ्या माणसाच्या उदाहरणाने हीच गोष्ट मांडली ती १६८५ साली.

परीक्षेत सूत्राने उत्तर लवकर येतं, हा आक्षेप खरा आहे. −४०५० आणि −४५०० साठी कोणी रेघ आखत बसणार नाही. पण चित्र मनात नसलेलं सूत्र घाईत उलटं आठवतं, आणि −२ व ३ यांच्या तुलनेतही मूल ते लावून बसतं. आडवी रेषाच रूढ आहे म्हणावं, तर आलेखाचा य-अक्ष उभाच असतो. अधिक वजनदार आक्षेप असा, की विहिरीत धन संख्या नाहीत. मान्य. म्हणून दुसरी उभी रेषा पावसाची हवी. सरासरी हे शून्य; हवामान खातं −१९ ते +१९ टक्के हा पाऊस सामान्य धरतं, −२० ते −५९ तुटीचा, +२० ते +५९ अधिक. टक्केवारी सहावीला जड वाटली तर मिलिमीटरमधला फरक घ्यावा. वर्गाच्या भिंतीवर ही रेषा आखून पावसाळाभर दर सोमवारी तालुक्याचा आकडा मुलांकडूनच मांडून घ्यावा, आणि मागच्या सोमवारपेक्षा तो वर गेला की खाली, एवढंच विचारावं.